व्यालेल्या गाईची निगा : चि. सुधाकर यास थोरल्या काकांचे पत्र



गाईची अडकलेली वार उघड्या हाताने ओढून काढणे म्हणजे गाय आणि माणूस या दोघांच्याही जिवाशी खेळणे होय, आणि सुधाकराने नेमके तेच केले, असे वर्तमान धाकट्या आत्यांकडून आले आहे. तिसऱ्या वेताची संकरित गाय सातव्या महिन्यात गाभडली, तिची वार त्याने हातमोजा न घालता काढली आणि अलीकडे संध्याकाळी त्यास कणकण येते व कंबर धरते, असा तो निरोप आहे. त्यातील पहिल्या भागाचा राग आला असला, तरी हे पत्र लिहिणे भाग पडले ते शेवटच्या भागामुळे.

वार, म्हणजे गर्भाचे वेष्टन, गर्भाशयाच्या आतील साधारण 70 ते 120 गोल उंचवट्यांना चिकटलेली असते आणि व्याल्यानंतर बहुधा 12 तासांच्या आत सुटून पडते; 24 तास उलटूनही ती आत राहिली, तर ती अडकली असे निश्चित समजावे. ही पकड सुटण्यात गाईच्या रक्तातील पांढऱ्या पेशींचा मोठा वाटा असतो आणि त्या पेशींचे बळ व्याण्यापूर्वीच खालावलेले असेल, तर वार वेळेवर सुटत नाही. अशा वेळी जोर लावल्यास वरवर वार निघाल्यासारखी दिसते, परंतु तिचे तुकडे उंचवट्यांवर राहतात, अस्तर फाटते आणि जंतूंना रक्तात शिरण्यास वाट मिळते. लोंबत्या वारेला दगड किंवा जुनी चप्पल बांधण्याची रीतही याच कारणाने घातक आहे.

व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक गाईच्या गर्भाशयात जंतू शिरतात, त्यामुळे जंतू शिरणे हाच रोग नव्हे. बहुतेक गायी त्यांना हुसकावून लावतात, ज्यांना ते साधत नाही त्या आजारी पडतात. प्रथम शेणात असणारा ई. कोलाय हा जंतू अस्तराला इजा करतो आणि त्याच्या मागोमाग ट्रुपेरेला पायोजिनिस व फ्युजोबॅक्टेरियम हे पू करणारे जंतू जम बसवतात. पहिल्या दहा दिवसांत तांबूस-तपकिरी, पाण्यासारखा पातळ व दुर्गंधी येणारा स्राव, 103 अंश फॅरनहाइटच्या वर ताप, चाऱ्यावरची वासना जाणे आणि दूध घटणे ही तीव्र गर्भाशयदाहाची लक्षणे होत. 21 दिवसांनंतर मात्र ताप नसतो, गाय खातपीत असते आणि सकाळी ती उठल्यावर बसल्या जागी पांढरट पुवाचा ओला डाग तेवढा दिसतो; हा अस्तरदाह. जंतूंच्या विषाने अंडाशयातील बीजकोशाची वाढही खुंटते, त्यामुळे काही गायी वेळेवर माजावर येत नाहीत आणि काही भरवल्या तरी पुन्हा पुन्हा उलटतात, म्हणजे गाभण राहत नाहीत. माजाचा सोट, म्हणजे चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ असावा लागतो; त्यात पुवाचे कण दिसले, तर गाय भरवण्याची घाई करू नये.

पुन्हा त्या उघड्या हाताकडे वळणे प्राप्त आहे. गाभडलेल्या गाईची वार ही साध्या अडकलेल्या वारेहून निराळी समजावी, कारण पाचव्या महिन्यानंतर गाभ टाकण्यामागे ब्रुसेला हा जंतू असू शकतो, आणि तो वारेत व स्रावात विपुल असून हातावरच्या बारीकशा चिरेतूनही माणसाच्या अंगात शिरतो. डेन्मार्कमधील बर्नहार्ड बँग यांनी 1897 मध्ये तो गाभडलेल्या गायींत शोधला. माणसात त्याची लक्षणे म्हणजे चढउताराचा ताप, घाम, सांधेदुखी आणि कंबरदुखी. आत्यांच्या निरोपातही कणकण व कंबर हे शब्द होते, आणि म्हणूनच काकांची झोप उडाली आहे.

काकांच्या तरुणपणी वार काढणाऱ्या माणसाला मान होता; त्यासाठी पाणी तापवणे आणि कंदील धरणे ही घरातल्या पोरांची कामे असत, आणि मोजा कोणाला ठाऊकच नव्हता. उलटणारी गाय वांझ ठरवून तिला बाजार दाखवला जाई. तिच्या पोटात पू होता की काय, हे कोणी विचारले नाही, आणि आजोबांच्या दावणीची ती तांबडी गाय आठवली की ही हळहळ अजून होते.

खरा उपाय व्याण्यापूर्वीच सुरू होतो. गाय 60 दिवस आधी आटवावी, व्याण्याची जागा कोरडी ठेवावी आणि गळीत हंगामात केवळ उसाच्या वाढ्यांवर गाभण गाय ठेवू नये, कारण वाढ्यांतील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते आणि कॅल्शियम कमी पडल्यास गर्भाशयाचे आकुंचन मंदावते. सोबत इतर चारा व खनिज मिश्रण असावे. व्याल्यावर दहा दिवस रोज थर्मामीटर लावावा. ताप दिसताच पशुवैद्यकाला बोलवावे, गर्भाशयात गोळ्या ठेवण्याचा परस्पर उद्योग करू नये, आणि प्रतिजैविक दिल्यास सांगितलेल्या मुदतीपर्यंतचे दूध संघात घालू नये. गाभडलेली गाय वेगळी बांधून तिचे व इतर गायींचे रक्त तपासून घ्यावे, गाभ व वार चुन्यासह खोल पुरावी आणि 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस टोचून घ्यावी.

एवढे सुनावल्यावर वाटते की, गोठा वाढवण्याच्या ओढीने पहाटे तीनला उठणारा हा मुलगा बेफिकीर नाही. हाताशी कोणी नव्हते म्हणूनच त्याने हात घातला असेल. तरीही त्याने उद्याच डॉक्टरांकडे जाऊन गाय गाभडल्याचे व वार काढल्याचे स्पष्ट सांगावे, म्हणजे ते नेमकी रक्ततपासणी करतील. रोग निघालाच तरी तो औषधाने बरा होतो, मात्र औषध किमान सहा आठवडे न चुकवता घ्यावे लागते. सूनबाईंनी त्या गाईजवळ जाऊ नये आणि घरात दूध उकळल्याशिवाय कोणी पिऊ नये. गाय एखादे वेत मागे राहिली तरी चालेल, दुधाचा हप्ता चुकला तर काका भरतील. तपासणीच्या खर्चाचे पैसे या पत्रासोबत आत्यांच्या हाती दिले आहेत, ते परत करण्याचा विषय काढू नये. शनिवारपर्यंत निरोप आला नाही, तर काका पहिल्या एसटीने येतील, आणि अंगात ताप असेल तोवर धारा काढण्यासाठी तिथेच राहतील.