सौरपंपाच्या पॅनलवर लिंबाची सावली

प्रश्न : मुखेड तालुक्यात आमची चार एकर शेती आहे. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतून पंप मिळतोय. पॅनल विहिरीजवळच्या लिंबाशेजारी बसवले तर चालतील का?

उत्तर : नको. पॅनलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका फांदीची सावली पडली तरी अख्ख्या ओळीचा प्रवाह घटतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, सावल्या लांबतात आणि नेमकं तेव्हाच हरभऱ्याला पाणी लागतं. म्हणून लिंबाच्या दक्षिणेला, मोकळ्या जागेत उभारा. तोंड दक्षिणेला, कल साधारण 19 अंश. केबल जास्त लागली तर लागू द्या. धूळ सकाळीच धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. चार एकरांना 5 अश्वशक्तीचा पंप मिळतो. पाच वर्षं दुरुस्ती पुरवठादाराकडेच असते. बिघाड झाला तर स्वतः काही खोलू नका, तक्रार नोंदवा.