दुखण्याचा भार कोण ओढणार?

रापण एकट्याने ओढता येत नाही. पुष्कळ हात दोरीला लागतात, तेव्हा जाळे किनाऱ्याला येते. मग मासळीचे वाटे होतात.

आजारपणाचा खर्चही असाच जड असतो. एकाच घराने तो ओढायचा म्हटला तर होडी गहाण पडते, आंब्याची कलमे विकावी लागतात. पुष्कळ घरांनी मिळून ओढला तर कोणी बुडत नाही. यालाच विमा म्हणतात.

पण प्रत्येकाने आपला हिस्सा भरलाच पाहिजे, हे कोण सांगणार? गरजेच्या वेळी मदत मिळालीच पाहिजे, हे कोण पाहणार? यासाठी कायदा लागतो. आपण निवडून दिलेली माणसे कायदा करतात.

गिरणीतला चाकरमानी

मालवण, देवगड, वेंगुर्ले या भागांतून पुष्कळ माणसे मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेली. तेथे माणूस आजारी पडला की पगार बंद होई. मग औषध कोठून आणायचे? घरी मनिऑर्डर कशी पाठवायची?

प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या विम्याची योजना आखून सरकारला दिली. १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. त्या वेळी जगजीवनराम मजूरमंत्री होते. १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे विमा सुरू झाला. १९५४ साली तो मुंबईला आला.

कामगाराच्या पगारातून थोडे पैसे कापले जात. मालकालाही आपला हिस्सा भरावा लागे. त्यातून कामगाराला औषधोपचार मिळे. आजारपणाच्या दिवसांत काही पैसे हातात येत. मालकाने हिस्सा भरला नाही तर त्याला शिक्षा होती. कामगाराला मदत नाकारली तर तो विमा न्यायालयात दाद मागू शके. कारण ती मदत कायद्याने त्याच्या हक्काची होती. हा विमा आजही चालू आहे.

आणि होडीवाला?

येथे कोणी विचारील, "गुरुजी, आमची होडी. आमका पगार कोण देतलो? मग आमचो विमो कसलो?"

प्रश्न बरोबर आहे. तो कायदा कारखान्यांसाठी झाला. रापणकार आणि बागेतला गडी त्याच्या बाहेर राहिले. त्यांच्यासाठी मोठ्या दुखण्यात सरकारी मदत फार उशिरा आली.

२०१२ साली महाराष्ट्र सरकारने काही जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. २०१३ साली ती सिंधुदुर्गात आली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पूर्वी ती मुख्यतः पिवळ्या व केशरी रेशनकार्डांच्या घरांना होती. २०२३ साली सरकारने ती सर्व रेशनकार्डांच्या घरांना देण्याचे ठरविले. एका घराला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार, अशी तिची मर्यादा ठरली.

मात्र हे ध्यानात ठेवा. योजनेत घेतलेल्या इस्पितळांतच हे उपचार मिळतात. यादीतलेच आजार त्यात बसतात. साध्या तापाच्या गोळ्या त्यात येत नाहीत. इस्पितळात गेल्यावर आरोग्यमित्राला भेटावे. रेशनकार्ड व आधारकार्ड जवळ ठेवावे. १५५३८८ या नंबरावर फोन करून चौकशी करता येते.

कायदा आणि योजना

ही योजना शासन निर्णयाने चालते. एक शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने बदलतो. कायदा बदलायचा तर विधानसभेत चर्चा व्हावी लागते, मत पडावे लागते. म्हणून कायद्याचा हक्क जास्त पक्का असतो. २०२३ साली राजस्थानच्या विधानसभेने आरोग्याच्या हक्काचा कायदा केला.

आपलाही आमदार विधानसभेत बसतो. तो मते मागायला वाडीत येतो, तेव्हा रस्ता आणि पाणी यांबद्दल आपण विचारतोच. दुखण्याबद्दलही विचारावे. आता आपल्याला लिहिता येते. वाडीने मिळून अर्ज लिहावा आणि खाली प्रत्येकाने सही करावी.

प्रश्न

१. विमा आणि रापण यांत सारखे काय आहे?
२. १९४८ च्या कायद्याबाहेर कोण राहिले?
३. तुमच्या घरचे रेशनकार्ड कोणत्या रंगाचे आहे? त्यावर घरातल्या सर्वांची नावे आहेत का, ते वाचून पाहा.