शेजाऱ्यांची गाडी परत बोलावली, आमची का नाही?

प्रश्न : आमची आणि शेजाऱ्यांची गाडी एकाच मॉडेलची, काही महिन्यांच्या अंतराने घेतलेली. सस्पेन्शनमध्ये दोष निघाल्यामुळे कंपनीने त्यांची गाडी बोलावून भाग फुकट बदलून दिला. आम्ही विचारलं तर ‘तुमची गाडी रिकॉलमध्ये नाही’ असं उत्तर मिळालं. असं कसं? आणि आम्ही निर्धास्त राहायचं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : रिकॉल सहसा सरसकट मॉडेलवर निघत नाही, चेसिस नंबरवर निघतो. लोअर आर्म, बॉल जॉइंट, स्प्रिंग हे भाग बहुधा बाहेरच्या पुरवठादारांकडून लॉटने येतात. एखाद्या लॉटचं वेल्डिंग कच्चं राहिलं, तर तो लॉट कोणत्या तारखांना लाइनवर चढला हे कंपनी नोंदींवरून काढते आणि तेवढ्याच गाड्या बोलावते. मारुतीने २०२३ मध्ये एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या बोलावल्या. दोष स्टिअरिंगच्या टायरॉडमध्ये होता, आणि गाड्या ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या. १६ फेब्रुवारीची गाडी यादीबाहेर.

कधी तारखेबरोबर गावही बघितलं जातं. अमेरिकेत आणि कॅनडात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात. फोर्डच्या विंडस्टार गाड्यांचा मागचा अॅक्सल त्या खारट पाण्याने गंजून तडकू लागला. २०१० मध्ये कंपनीने १९९८ ते २००३ या मॉडेल-वर्षांच्या सुमारे पावणेसहा लाख गाड्या बोलावल्या, पण त्या मिठाच्या प्रदेशातल्या. कोरड्या, उबदार राज्यांतल्या तशाच गाड्यांना त्या वेळी बोलावणं नव्हतं.

मात्र यादीत नाव नाही म्हणजे गाडी कायमची निर्दोष, असं मी म्हणणार नाही. यादी वाढू शकते. फोर्डनेच भारतात २०१२ मध्ये मागचा ट्विस्ट बीम आणि पॉवर स्टिअरिंगचा होज तपासण्यासाठी सुमारे १ लाख २८ हजार फिगो आणि फिएस्टा बोलावल्या. पुढच्या वर्षी त्याच दोन भागांसाठी १ लाख ६६ हजार फिगो आणि क्लासिक. म्हणून दर सर्व्हिसिंगला चेसिस नंबर देऊन पुन्हा विचारा. हा सतरा खुणांचा नंबर आरसीवर छापलेला असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं येत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात.

गाडी सेकंडहँड असेल तर जास्तच जपा. आरसीवर नाव बदललं नसेल, तर कंपनीचं पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर जातं आणि ज्याच्या घरची माणसं त्या गाडीत बसतात त्याला काहीच कळत नाही. मला याची खरोखर काळजी वाटते. लोअर आर्म भर वेगात तुटला तर चाक आडवं होतं आणि मग स्टिअरिंग हातात असून उपयोग नसतो.

लक्षणं बरेचदा आधी दिसतात. खड्ड्यात ‘टक्’ असा आवाज येणं, गाडी एका बाजूला ओढणं, टायर एकाच कडेने झिजणं. अशा वेळी गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा आणि स्वतः खाली उभे राहा. मेकॅनिकने चाक वर-खाली धरून हलवलं की बॉल जॉइंटमधला प्ले हाताला लागतो. जॉइंटचा रबरी बूटही बघा. तो फाटला असेल तर ग्रीस बाहेर येऊन आत धूळ आणि पाणी शिरलेलं असतं.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी मालकाला ‘वाहन’ पोर्टलवर तक्रार करता येते. एकाच दोषाच्या तक्रारी ठरावीक संख्येपलीकडे गेल्या की सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं, आणि कंपनीला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा भाग लवकर खराब झाला तर नुसता बदलून मोकळे होऊ नका. जॉब कार्डावर दोष लिहून घ्या, जुना भाग मागून घ्या, फोटो काढा आणि तक्रार नोंदवा.