ब्राउझर अनेक, रूप एक : जावास्क्रिप्टद्वारे घटकांची शैली ठरविण्याची रीत

संकेतस्थळावर अर्ज भरताना एखादी नोंद चुकली, की त्या रकान्याची कड तांबडी होते व खाली चूक दर्शविणारी ओळ प्रकट होते. हा बदल जावास्क्रिप्ट या भाषेतील आज्ञांमुळे घडतो. एका ब्राउझरमध्ये दिसणारी ती ओळ दुसऱ्यात दिसलीच नाही, तर आपले काय चुकले हे अर्जदारास कळत नाही आणि अर्जाची मुदत टळते. म्हणून हा विषय केवळ सजावटीचा नव्हे.

पूर्वपीठिका

जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी निर्माण केली. पृष्ठाचे रूप ठरविणाऱ्या शैलीपत्रकाचे पहिले प्रमाण डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि १९९७ मधील नेटस्केप व इंटरनेट एक्सप्लोरर या दोन ब्राउझरांच्या चौथ्या आवृत्त्यांनी घटकापर्यंत पोहोचण्याचे मार्ग वेगवेगळे ठेवले. परिणामी एकाच कामासाठी दोन प्रकारच्या आज्ञा लिहाव्या लागत. २००० मध्ये यासंबंधीचे समान प्रमाण ठरले. तरीही एक्सप्लोररच्या आठव्या आवृत्तीपर्यंत पारदर्शकतेसाठी 'ओपॅसिटी' हा प्रमाण गुणधर्म चालत नसे, 'फिल्टर' हा त्या ब्राउझरचा स्वतंत्र गुणधर्म वापरावा लागे. २०११ च्या नवव्या आवृत्तीत हा भेद मिटला. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने बहुतांश संगणकांपुरता एक्सप्लोररचा आधार थांबविला. सबब जुन्या पृष्ठांतील असल्या दुहेरी आज्ञा नव्या पृष्ठांत उतरवून घेण्याचे प्रयोजन उरलेले नाही.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. गुणधर्माचे नाव : शैलीपत्रकात 'बॅकग्राउंड' व 'कलर' हे शब्द आडव्या रेघेने जोडतात. जावास्क्रिप्टमध्ये तीच रेघ वजाबाकीचे चिन्ह ठरते. म्हणून घटकाच्या 'स्टाइल' या भागातून गुणधर्म देताना रेघ गाळून शब्द जोडावेत व दुसऱ्या शब्दाचे आद्याक्षर मोठ्या लिपीतील घ्यावे.

२. मूल्याचे एकक : रुंदी २०० एवढीच लिहिली तर प्रमाण पद्धतीने चालणारा ब्राउझर ती स्वीकारीत नाही, २०० पिक्सेल असे एककासह मूल्य द्यावे लागते. चुकीचे मूल्य ब्राउझर मुकाट्याने सोडून देतो, तक्रार करीत नाही. त्यामुळे दोष डोळ्यांनी पाहूनच शोधावा लागतो.

३. वाचन : 'स्टाइल' भागात केवळ त्या घटकावर थेट लिहिलेली शैली सापडते. शैलीपत्रकातून आलेले मूल्य हवे असल्यास 'गेट कम्प्यूटेड स्टाइल' ही क्रिया योजावी. ती ब्राउझरने सर्व नियम जुळवून अखेर ठरविलेले मूल्य देते.

४. वर्गाचा उपयोग : सर्वांत श्रेयस्कर मार्ग हा, की रूपाचे सर्व नियम शैलीपत्रकात एका वर्गाखाली लिहावेत, आणि जावास्क्रिप्टने 'क्लासलिस्ट'च्या साहाय्याने तो वर्ग घटकास फक्त जोडावा अथवा काढावा. थेट लिहिलेली शैली शैलीपत्रकातील सामान्य नियमांवर मात करते. ती जागोजाग विखुरल्यास पुढे रंग बदलणेही जिकिरीचे होते.

५. क्षमतेची विचारणा : ब्राउझरचे नाव पाहून आज्ञा बदलू नये, नाव फसवे असू शकते. अमुक गुणधर्म तुला ठाऊक आहे काय, हे 'सीएसएस सपोर्ट्स' या क्रियेने विचारावे.

मुख्य दक्षता

गावातील अर्जदाराच्या हाती जुना भ्रमणध्वनी असतो, कार्यालयात नवा संगणक असतो. दोहोंत छाया, गोलाई वा रंगच्छटा यांत थोडा फरक पडला तरी हानी नाही. परंतु चुकीची सूचना, अंतिम दिनांक आणि अर्ज पाठविण्याची कळ दिसलीच पाहिजे. ही तिन्ही आरंभी लपवून नंतर जावास्क्रिप्टने प्रकट करण्याची योजना धोक्याची होय, कारण आज्ञा मध्येच थांबली तर ती कायमची लपून राहतात. दिनांक व कळ मुळातच दृश्य ठेवावी. चूक केवळ तांबड्या रंगाने न दर्शविता शब्दांतही सांगावी. रंगभेद न ओळखणाऱ्यांचीही त्यामुळे सोय होते. अर्ज पोहोचल्यावर सर्व्हरनेही नोंदी तपासून चूक कळवावी.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून एकच लहान पृष्ठ क्रोम, फायरफॉक्स व सफारी यांपैकी उपलब्ध असतील त्या ब्राउझरांत उघडवून भेद टिपून घ्यावेत. अधिकाऱ्यांनीही पृष्ठ स्वीकारण्यापूर्वी ते एखाद्या साध्या, जुन्या भ्रमणध्वनीवर स्वतः भरून पाहावे.