पाच कोटी वर्षांनंतरचे प्राणी
(सामान्य विज्ञान, इयत्ता ७ वी. तासिका २)

पाठाचा हेतू

“झाडाचा पाला उंच होता, म्हणून जिराफाने मान ताणली आणि ती लांब झाली,” असे उत्तर वर्गात वारंवार ऐकू येते. पुष्कळदा शिक्षकही ते बरोबर म्हणून स्वीकारतात. वस्तुतः ते चूक आहे. ही समजूत एकदा मनात रुजली म्हणजे पुढील इयत्तांत ती उपटून काढणे कठीण जाते. ती दूर करण्याचा एक सुलभ मार्ग म्हणजे विद्यार्थ्यांना भविष्याविषयी प्रश्न विचारणे. “पाच कोटी वर्षांनंतर आपल्या शिवारात कोणते प्राणी असतील?” हा प्रश्न फळ्यावर लिहावा आणि प्रत्येकास एक चित्र काढू द्यावे. कोणी पंखांची म्हैस काढील, कोणी दोन तोंडांचा बैल. त्यांस हसू नये. चित्रे जपून ठेवावीत. दुसऱ्या तासिकेस त्यांचे काम आहे.

पहिली तासिका : कपट्यांचा खेळ

शाळेच्या अंगणात मोकळ्या मातीवर मातीच्या रंगाचे ५० व पांढरे ५० कागदी कपटे पसरावेत. विद्यार्थी हे पक्षी व कपटे हे किडे मानावेत. प्रत्येकाने पाठमोरे उभे राहावे, वळताक्षणी दिसेल तो एक कपटा उचलावा आणि बाजूस व्हावे. एकूण ५० कपटे उचलले गेले की खेळ थांबवावा. उरलेल्या प्रत्येक कपट्याशेजारी त्याच रंगाचा एक नवा कपटा ठेवावा. ते त्याचे पिलू. संख्या पुन्हा १०० होईल. अशा तीन पिढ्या खेळून प्रत्येक वेळी दोन्ही रंगांची मोजणी फळ्यावर मांडावी. पांढरे घटत व मातकट वाढत गेलेले दिसतील.

आता मुख्य प्रश्न विचारावा : “एकाही कपट्याने आपला रंग बदलला काय?” कोणीही बदलला नाही. बदलला तो समुदाय. जन्मतःच प्राण्याप्राण्यांत लहानसहान भेद असतात व ते पिलांत उतरतात. नवे भेद योगायोगाने उपजतात. प्राण्याच्या इच्छेने नव्हे. ज्यांस परिस्थिती मानवते, त्यांची पिले अधिक जगतात. चार्ल्स डार्विन याने १८५९ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या नैसर्गिक निवडीचे सार हेच होय.

दुसरी तासिका : चित्रांची परीक्षा

प्रथम मागे पाहावे. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी, आजच्या पाकिस्तानच्या प्रदेशात, ओढ्या-नद्यांच्या काठी चार पायांचा एक प्राणी वावरत होता. त्याच्या अवशेषांस १९८१ मध्ये पाकिसीटस हे नाव मिळाले. आजचा देवमासा हा त्याच कुळातला. पाकिसीटसनंतरच्या काळातील, पाण्यास अधिक सरावलेल्या नातलगांचे अवशेष कच्छमध्येही सापडले आहेत. एवढ्या अवधीत चार पायांच्या कुळात देवमासा निर्माण होतो, तर पुढील तेवढ्याच अवधीत काय होईल? डुगल डिक्सन या लेखकाने १९८१ च्या आपल्या पुस्तकात हाच प्रश्न घेतला. मनुष्य व अनेक मोठे प्राणी नष्ट झाले आहेत असे गृहीत धरून त्याने सशांच्या वंशजांस हरणांच्या जागी चरताना आणि उंदरांच्या वंशजांस शिकारी झालेले कल्पिले. हे भाकीत नव्हे. पण रिकामी झालेली जागा उरलेल्यांचे वंशज व्यापतात, हे त्यामागील सूत्र खरे आहे.

आता विद्यार्थ्यांची चित्रे परत द्यावीत व प्रत्येक चित्रास चार प्रश्न लावावेत :

१. या प्राण्याचा आज जिवंत असलेला पूर्वज कोणता?
२. तो काय खातो व त्यास कोण खाते?
३. त्यास किती पिले होतात व किती लवकर?
४. नवा अवयव अर्धवट असताना मधल्या पिढ्यांस त्याचा काय उपयोग होता?

पंखांची म्हैस चौथ्या प्रश्नास अडखळते. याउलट, एखाद्याने घुशीचा वंशज जन्मभर बिळात राहणारा, मजबूत पंजांचा व दृष्टिहीन असा कल्पिला, तर ते उत्तर टिकते. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील प्रदेशात जमिनीखाली राहणाऱ्या एका कृंतक प्राण्याचे डोळे आज खरोखरच कातडीखाली झाकलेले आहेत. मात्र “न वापरल्यामुळे डोळे गेले” असे सांगू नये. अंधारात मोठ्या डोळ्यांचा लाभ उरत नाही, इजेचा धोका मात्र राहतो; म्हणून लहान डोळ्यांची पिले मागे पडत नाहीत, असे सांगावे.

गिधाडांचा धडा

तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व गावातील वडीलधाऱ्यांकडून समजून घेण्यास सांगावे. मेलेल्या जनावराभोवती जमणारी गिधाडे त्यांनी पाहिलेली असतात. गुरांस वेदना शमविण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले व त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांत एक इतकीच उरली. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली.

गिधाड सुमारे पाच वर्षांनी वयात येते आणि मादी वर्षास एकच अंडे घालते. पंधरा वर्षांत त्याच्या जेमतेम तीन पिढ्या होतात, उंदराच्या अनेक. विष सोसणारा एखादा भेद उपजून पसरावा, इतका अवधी गिधाडांस मिळाला नाही. कपट्यांच्या खेळात एका रंगाचे सर्व कपटे उचलले गेले, तर पुढील पिढीस तो रंग मिळत नाही. तद्वत जो वंश आज संपतो, त्याचे पाच कोटी वर्षांनंतरचे चित्र कोणासही काढता येत नाही.

स्वाध्याय

१. शिवारातील दहा प्राण्यांची यादी करा. त्यांपैकी कोणते वेगाने बदलू शकतील? कारण द्या.
२. “जिराफाने मान ताणली म्हणून ती लांब झाली” हे वाक्य दुरुस्त करून लिहा.
३. आजोबा-आजींच्या लहानपणी गावात दिसणारे, पण आता न दिसणारे प्राणी विचारून लिहा.

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांची एकत्रित यादी वर्गाच्या भिंतीवर लावावी व दरवर्षी नव्या वर्गाकडून ती तपासून घ्यावी.