गाडीचं वय नको, ओझं विचारा

जुनी पिकअप बघायला निघालं की गावातला प्रत्येक जाणकार दोनच गोष्टी विचारतो: मॉडेल कुठलं आणि किलोमीटर किती? मी आता आधी विचारतो, गाडी आजवर काय वाहत होती?

आम्ही जुन्नर तालुक्यातले. शेतात टोमॅटो, नारायणगावचा बाजार जवळ, भाव बघून माल वाशीलाही जातो. गाडी दारात लागतेच, आणि नव्या गाडीचा हप्ता टोमॅटोच्या भरवशावर काढायची आमच्या घरात कुणाची तयारी नव्हती. म्हणून जुनी बोलेरो पिकअप. सुटे भाग तालुक्याला मिळतात, मेकॅनिक गावात आहे आणि नको झाली तर विकली जाते.

जी गाडी घेतली ती दिसायला फक्कड होती. ताजा रंग, हौद्यात नवाकोरा चेकर पत्रा, टायर बरे, इंजिन एका चावीत सुरू. आरसीवर आधीच्या मालकाचा पत्ता कोकण किनाऱ्यावरचा होता. तो मासळीचा धंदा करायचा, हे मात्र एजंटाने सांगितलं नाही. मासळीच्या गाडीत बर्फ वितळतो, खारं पाणी हौद्याच्या फटींतून गळतं आणि थेट चेसिसवर पडतं. नवा पत्रा आणि खालून चोपडलेला जाड काळा रंग तो गंज झाकण्यासाठीच होता. हंगामात भरलेली गाडी माळशेज घाटात असताना मागच्या डाव्या पाट्याचं हँगर चेसिसच्या तुकड्यासकट निखळलं. माल दुसऱ्या गाडीत भरून पाठवला, आमची गाडी ओढून आणली. वेल्डरने हातोडा मारला तर चेसिसच्या पोकळीतून गंजाचे पापुद्रे ओंजळभर खाली पडले. म्हणाला, “पट्टी मारून देतो, पण भरोसा देणार नाही.”

तेव्हापासून मी गाडीचा धंदा विचारतो. दुधाची गाडी रोज पहाटे चालते, पण ओझं ठरलेलं आणि रस्ता ओळखीचा; अशी गाडी जास्त फिरलेली असली तरी मला चालते. किराणा किंवा बेकरी मालाची त्याहून बरी. कोंबड्यांच्या गाडीचा हौदा विष्ठेने आणि रोजच्या धुण्याने सडतो. खताच्या गाडीत सांडलेला युरिया ओल धरून लोखंड खातो. वाळू, विटा, खडी वाहिलेल्या गाडीचं तर सगळंच दमलेलं असतं, मग मीटरवर आकडा काहीही असो. टोमॅटोवाल्यांनाही सोडू नका. आमचं क्रेट वीस किलोचं. दीड टनाच्या गाडीत क्रेटचं स्वतःचं वजन धरलं तर सत्तरच्या आतच बसायला हवेत, आणि शंभराच्या वर क्रेट रचून घाटाला लागलेल्या गाड्या हंगामात रोज दिसतात. भाव पडलेला असला की शेतकऱ्याला दोन खेपांचं डिझेल परवडत नाही हे मला कळतं, पण तो भार पाट्यांच्या हिशेबात लिहिला जातोच.

मालक खरं सांगेल असं नाही. गाडी सांगते. मागे बसून कमानपाटे बघा: कंपनीने दिले त्याहून जादा पाटा घातलाय का, रिकाम्या गाडीतही पाटे सरळ झालेत का. मागचे टायर आतल्या कडेला जास्त झिजले असतील तर हाउसिंग वाकलेलं असू शकतं. मग गोणपाट टाकून गाडीखाली शिरा. हँगरच्या आसपास, केबिनच्या मागे आणि क्रॉस मेंबरच्या सांध्यांवर लहान हातोडीने ठोका. निरोगी पत्रा खणकन वाजतो, सडलेला बद्द. नव्या वेल्डिंगचा डाग दिसला की का केलं ते विचारा. खालून ताजा काळा रंग असेल तर मी आता गाडी तिथेच सोडतो. फाळका उघडून बिजागऱ्या हलवून बघा, हौद्यातली मॅट उचला.

पुराच्या गाडीचीही धास्ती ठेवा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, चिखलाची रेघ तिथे सापडते. सीटच्या रुळांवरचा गंज आणि डॅशबोर्डमागच्या वायरींवरची माती पुसायला सहसा कुणी जात नाही.

इंजिनासाठी गावातला मेकॅनिक सोबत न्या, चहापाणी आणि दिवसाची मजुरी देऊन. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर थंड इंजिन कसं उठतं हे तुम्हाला बघू द्यायचं नव्हतं. सुरू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढून भोकावर उलटं ठेवा. ते उडायला लागलं की मेकॅनिक म्हणेल, “बॅक कॉम्प्रेशन मारतंय,” म्हणजे रिंगा गेल्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. झाकणाखाली दुधट साय दिसली तर हेड गॅस्केटची शंका धरा. क्लचसाठी सपाटीवर हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडा, इंजिन बंद पडायला हवं. जुन्या बीएस-३ डीआय इंजिनाचा पंप यांत्रिक, तो गावात दुरुस्त होतो. एप्रिल २०१७ मध्ये देशभर बीएस-४ आलं, आणि त्या गाड्यांतल्या कॉमन रेलचे इंजेक्टर बिघडले की शहर गाठावं लागतं. नवं मॉडेल म्हणून जादा पैसे मोजताना हा खर्चही मोजा.

कागदांकडे शेतकरी माणूस सर्वात कमी बघतो. बाजारात गाड्या टीटी फॉर्मवर फिरतात: मालकाने कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या की गाडी तीन हातांतून जाते, आरटीओत नाव पहिल्याचंच. मधल्या काळात तो मालक वारला तर वारसांना शोधून फॉर्म ३१ करत बसावं लागतं. उद्या तुम्ही गाडी विकाल तेव्हा हीच गोष्ट उलटी लागते. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, आणि अपघाताची भरपाईही त्याच्यावर. त्या खटल्यातली गाडी तर हातोहात पुढे विकली गेली होती.

आरसीवर कर्जाचा बोजा दिसला तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका. चेसिस नंबर स्वतः वाचा, पेन्सिलने छाप घ्या. परिवहन ॲपवर नंबर टाकून फिटनेस, विमा आणि थकलेली चलनं बघा. माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षं झाली की दरवर्षी पासिंग, आणि आपल्या राज्यात पर्यावरण करही. भरलेल्या गाडीचं एकूण वजन तीन हजार किलोच्या वर असेल तर परमिट लागतो, तो चालू आहे का पाहा. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर एचएसआरपी पाटी बसलेली हवी. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाबरोबर जातो. थर्ड पार्टीचा दर गाडी जुनी म्हणून कमी होत नाही. २०२२ च्या दरपत्रकात साडेसात टनांपर्यंतच्या भाड्याच्या मालगाडीला १६,०४९ रुपये होते, अधिक जीएसटी. दोन लाखांची गाडी घेणाऱ्याने हे आधीच बाजूला काढलेलं बरं.

आणि व्यवहार ठरला तरी सगळी रक्कम एका दमात देऊ नका. थोडी का होईना, आरसी तुमच्या नावावर होऊन हातात येईपर्यंत अडकवून ठेवा. जो विकणारा याला तयार होत नाही, त्याची गाडी घेऊ नका.