भूशास्त्राचा अभ्यास : वर्गात आणि धाराशिवच्या शिवारात

भूशास्त्र म्हणजे खाणी व खनिजे यांचे शास्त्र, असा समज बराच रूढ आहे. परंतु धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात गावच्या पिण्याच्या पाण्यापासून घराच्या पायापर्यंत अनेक प्रश्न जमिनीखालील खडकाशी निगडित आहेत. म्हणून विद्यापीठात हा विषय कसा शिकविला जातो, हे शिक्षकांनी व ग्रामपंचायत सदस्यांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे.

या अभ्यासाची दोन अंगे आहेत. प्रयोगशाळेत विद्यार्थी खनिजांचा रंग, चकाकी व कस पाहतो आणि मोसच्या १० अंकी श्रेणीनुसार त्यांचे काठिण्य ठरवितो. खडकाचा अवघा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यातील स्फटिक ओळखतो. क्षेत्र अभ्यासात हातोडा, भिंग, होकायंत्र व १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घेऊन तो हिंडतो, थरांची जाडी मोजतो आणि भेगांची दिशा जागच्या जागी वहीत नोंदतो. नमुना कोठून घेतला याची नोंद नसेल, तर त्याचे मोल उरत नाही, हा या अभ्यासाचा पहिला धडा होय.

धाराशिव जिल्ह्यात सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले आहेत. बालाघाटाचे पायऱ्यापायऱ्यांचे उतार आणि नळदुर्ग येथील बोरी नदीचे पात्र ही त्यांच्या अभ्यासाची उत्तम स्थळे आहेत. पण सर्वांत जवळचे पुस्तक म्हणजे गावातील न बांधलेली जुनी विहीर. तिच्या भिंतीत वरून काळी माती, मुरूम, विहीर खोदणारे ज्यास मांजऱ्या म्हणतात तो मऊ खडक आणि खाली भरीव काळा पाषाण असे थर दिसतात. दोन लाव्हाथरांमध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टाही आढळतो. भरीव पाषाण स्वतः पाणी धरीत नाही. पाणी झिजलेल्या खडकात व भेगांतच साठते. एका विहिरीला पाणी असताना शेजारची कूपनलिका कोरडी का जाते, याचे उत्तर बहुधा येथेच मिळते.

खडकाकडे दुर्लक्ष करणे किती महाग पडते, हे ३० सप्टेंबर १९९३ रोजीच्या किल्लारी भूकंपाने दाखविले. तोपर्यंत हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित गणला जात असे. लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील हजारो लोक प्रामुख्याने दगडमातीच्या जड घरांखाली दगावले. सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारी येथे ६१७ मीटर खोल वेधनछिद्र घेतले. त्यात ३३८ मीटर लाव्ह्याचे थर, त्याखाली सुमारे ८ मीटर गाळाचा थर आणि तळाशी अतिप्राचीन पाषाण आढळला. भूकंपाचे मूळ लाव्ह्याखालच्या या जुन्या पाषाणात असल्याने केवळ पृष्ठभाग पाहून त्याचा अंदाज येणे शक्य नव्हते.

या अभ्यासाचा प्रारंभ गावातही करता येईल. शिक्षकांनी उन्हाळ्यात, पाणी खाली गेलेले असताना, सुरक्षित अंतरावरून विद्यार्थ्यांना विहिरीचे थर दाखवून त्यांची आकृती काढून घ्यावी. पावसाळ्यापूर्वी व नंतर पाण्याची पातळी मोजावी. ग्रामपंचायतीने प्रत्येक विहीर व कूपनलिकेची खोली, लागलेले थर आणि पाणी लागल्याची खोली एका नोंदवहीत लिहून ठेवावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या तज्ज्ञांना ती उपयोगी पडेल आणि नवे छिद्र घेण्यापूर्वी गावाचा पैसाही वाचेल.